फरक आढळला नाही

प्रत्येकाला सात मिनिटं. सहाव्याला एकदा वाजवायची,
सातव्याला दोनदा.
पितळी घंटी, पूर्वी वाल्दिव्हियाच्या धक्क्यावर
कुठल्याशा होडीवर होती म्हणे,
आता माझ्या टेबलावर, पाण्याच्या जगाशेजारी.
प्रोजेक्टरची वायर नेमकी कुठे दाबून धरली
की निळा पडदा जातो,
हे या इमारतीत फक्त मला माहीत.
एकोणीस वर्षं झाली.

सकाळी पहिला ओयार्सून. जीवशास्त्र.
बाराशे शिंपले मोजलेत पोरानं, ऐन जुलैच्या थंडीत,
बोटं अजून सोललेली.
पाणी बिघडलं की शिंपले मिटतात, म्हणाला,
आपल्याला वास येण्याच्या दोन दिवस आधी.
मागच्या रांगेत त्याचे वडील, मच्छीमार,
हे आपण त्याला कधीच सांगितलं नव्हतं
अशा चेहऱ्यानं बसलेले.

मग अर्थशास्त्र. मामाचा टाय,
पावाच्या भावाचा आलेख, चढत चढत पडद्याबाहेर.
माझी बायको हेच सांगते दर शनिवारी, आलेखाशिवाय.
पण तिला कुणी सात मिनिटं देत नाही.
मीसुद्धा नाही.

स्थापत्यवाल्यांनी पूल आणला, आइस्क्रीमच्या काड्यांचा.
एकेचाळीस किलो पेलले. बेचाळिसाव्याला कडाड्.
टाळ्या मोडण्याला पडल्या.
काड्या मी झाडून घेतल्या.

मियाराय वेन्चुमान भाषाशास्त्रातली.
तिनं एका म्हाताऱ्या बाबांचा आवाज ऐकवला,
मापुदुंगुन बोलतानाचा.
त्यातला एकच स्वर, 'इ' नाही, 'उ' नाही,
दोघांच्या मध्ये जीभ उंबऱ्यावर उभी राहते तसा.
ती बोलली लांबीबद्दल, कंपनांबद्दल, आकड्यांबद्दल.
मला मागचा कोंबडा ऐकू आला,
आणि कपात फिरणारा चमचा,
आणि बाबांनी मध्येच तिला विचारलेलं काहीतरी,
ज्याचं उत्तर तिनं तेव्हा दिलं नव्हतं.
आता दिलं. सभागृहात, सगळ्यांसमोर, एकच शब्द.
परीक्षकांनी काहीतरी लिहून घेतलं.
काय, ते देव जाणे.

शेवटी आन्तोनिया कात्रिलेओ. शेवाळ.
चौदा महिने तिनं गावातल्या भिंती खरवडल्या,
रस्त्याकडच्या, नदीकडच्या,
गाड्यांचा धूर कुठे जास्त मुरतो ते बघायला.
छोट्या डब्या, डब्यांवर तारखा.
तिसऱ्या मिनिटाला म्हणाली, "फरक आढळला नाही."
आणि थांबली.

चार मिनिटं उरली होती.
मासळीबाजाराकडून समुद्रसिंहांचं भुंकणं आलं.
कुणाचं तरी पेन पडलं, कुणी उचललं नाही.
पडद्यावर दोन हिरवे खांब, एकाच उंचीचे.
ज्यांना काही सापडलेलं असतं
ते पडद्याकडे बघून बोलतात, हे मी टिपून ठेवलंय.
ती आमच्याकडे बघत होती.

तेव्हा सोलेदाद बाईंनी,
ज्या कधी प्रश्न विचारत नाहीत, विचारलं,
"खरवडायचीस कशानं?"
"चमच्यानं. आधी चाकूनं, पण मग भिंतच सोबत यायची."
आणि जी सुटली!
चाकू, चमचा, पोलिसांना फोन करणारी घरमालकीण,
पहिले तीन महिने पाण्यात,
कारण डब्यांच्या झाकणांच्या रंगातच शिसं निघालं,
मग पुन्हा पहिल्या भिंतीपासून.
लोक हसले, तीही हसली, हातवारे करताना जग लवंडला.
सहा झाली. सात. नऊ.
घंटी माझ्या हातात होती,
लोलक बोटानं धरून ठेवलेला.

बक्षीस पुलाला मिळालं.

संध्याकाळी पोस्टर उतरवली.
चिकटपट्टीचे चौकोन भिंतीवर राहिलेत, ते सोमवारी निघतील.
कुलूप लावून मी रस्त्याच्या बाजूला गेलो,
भिंतीला हात लावला.
मग इमारतीला वळसा घालून नदीच्या बाजूला,
तिथेही लावला, जरा जास्त वेळ.
मला तर थोडा फरक वाटला.
पण मी मोजलेला नाही.